रक्त साफ आहे

पळसटोला, ता. ९ मे १९५६

देवचंदभाऊंना खेमराजचा रामराम.

आज सकाळी तलावाच्या पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस गेला. मीही गेलो. दुपारी घरी येऊन भात केला. संध्याकाळी गोरेगावच्या बाजारातून मीठ आणि रॉकेल आणले. दुसरे काही घडले नाही.

तुमच्या बहिणीची तेरवी होऊन आता महिना होत आला. त्या दिवशी सासूबाई नंदाला बिरसीला घेऊन गेल्या, तेव्हा मी हो म्हटले. घरात बाई माणूस नाही, लेकरू आईला शोधत फिरेल, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण पावसाळ्यात इथली शाळा उघडेल. नंदाचे नाव घालायचे आहे. माझी चुलत बहीण धुरपता शेजारीच राहते. वेणीफणी मी करून देईन असे ती म्हणते. स्वयंपाक मला येतो. तरी मृगाच्या आत पोरीला आणून सोडावे, नाहीतर मी न्यायला येतो.

चंद्रकांताची पेटी मी उघडलेली नाही. सासूबाईंना त्यातले काही हवे असेल तर कळवावे.


बिरसी, ता. २१ मे १९५६

जवाईबापूंना देवचंदचा रामराम.

तुमचं पत्र मिळालं. नंदा मजेत आहे. दिवसभर विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शेळ्यांमागं हिंडते. आईचं नाव दिवसा काढत नाही.

आडून बोलायची मला सवय नाही, म्हणून सरळ लिहितो. माय पोरीला पाठवायला तयार नाही. चंदाच्या बाळंतपणाला ती महिनाभर तुमच्या घरी होती. तुमच्या धोतरांवरचे डाग तिनं पाहिले. टिकाराम वैद्याच्या पुड्या पाहिल्या. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे तिसरं लेकरूबी मेलेलं निंघालं, आन् त्याच्यासंगं माही पोट्टीबी गेली. जवायाच्या आंगात बाजारच्या बायायची गरमी हाये. त्या घरी नातीले पाठवू? माहे डोये फुटले का?"

मी म्हटलं, "माय, हळू बोल. शेजारी आयकून राहिले."

"आयकू दे. मी कायले भेऊ?"

जवाईबापू, पुरुषानं पुरुषाला सांगायला काय हरकत होती? मला एका शब्दानं बोलला असतात तर मी तुमच्यासोबत नागपूरला आलो असतो. अजून वेळ गेलेली नाही. मोठ्या दवाखान्यात जा, रक्त तपासून घ्या. साफ आहे असा कागद आला की मायचं तोंड मी बंद करतो.

दुखणं काही का असेना, तुमच्या अंगातला जोर गेला हे मला तेरवीलाच दिसलं. आपल्या म्हशीचं तूप डब्यात भरून पाठवलं आहे. दोन्ही वेळ भातावर घ्या, लाजू नका. संपलं की कळवा, आणखी पाठवतो.


पळसटोला, ता. १७ जून १९५६

देवचंदभाऊंना खेमराजचा रामराम.

तूप मिळाले. तुम्ही विचारले म्हणून लिहितो. हे पत्र वाचून झाल्यावर जाळावे.

तीन वर्षे झाली. दोन-चार महिन्यांनी एकदा हिव भरून ताप येतो. जांघेत गाठ येते. उजवे अंड सुजते आणि बसणे-उठणे होत नाही. ताप उतरतो, सूज पुरती उतरत नाही. लघवीला जळजळ होते. आणि लघवी कधी पाण्यासारखी होते, कधी ताक मिसळल्यासारखी पांढरी.

मी टिकाराम वैद्यांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "परमा हाये मास्तर. कोठी गेले होते?" मी म्हटले, "कुठेच नाही." ते हसले. "इथं येनारा हरेक मानूस असाच म्हनते." पुड्यांनी माझे तोंड आले, दुसरा फरक पडला नाही.

लढाईच्या वेळी बिरसीच्या धावपट्टीचे काम चालू होते तेव्हा मी तिथे हजेरी मास्तर होतो; मास्तर हे नाव तिथलेच. गोऱ्या शिपायांमागे आलेल्या बायांच्या झोपड्या तिथे होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मी तुमच्याच ओसरीवर झोपत होतो आणि तुमच्याच चुलीचे खात होतो. त्या घरात माझे लग्न जमले. मी कुठे जात होतो आणि कुठे नाही, ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही. याहून अधिक मला लिहिता येत नाही.

चंद्रकांताशी मी यावर बोललो नाही. ती धोतरे धूत होती आणि विचारत नव्हती. मला वाटले, बरे झाल्यावर सांगू.

पेरणी आटोपली की नागपूरला जातो.


पळसटोला, ता. १५ जुलै १९५६

देवचंदभाऊंना खेमराजचा रामराम.

नागपूरला जाऊन आलो. डॉक्टर तरुण होते.

"लग्न झालंय?"

"झाले होते. बायको वारली."

"मुलं?"

"एक मुलगी. तीन जन्मतःच गेली."

तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "बाहेर कुठं जाता?"

"नाही."

"माझ्यापासून लपवून तुमचंच नुकसान आहे."

"नाही साहेब."

त्यांनी रक्त घेतले. लघवीच्या तोंडाशी काच लावून तपासायला पाठवली. मी धर्मशाळेत राहिलो. निकाल आला तो असा : रक्तात गरमी नाही, काचेवर परम्याचे जंतू नाहीत. मी म्हटले, "मग हे काय आहे?" ते म्हणाले, "ते काय नाही एवढंच यातून कळतं. तरी इंजेक्शनं घेऊन टाका." मी विचारले, "जे नाही त्याची इंजेक्शने कशाला?" "संशय नको म्हणून." ती घेतली. घरी आल्यावर पुन्हा ताप येऊन गेला.

निकालाचा कागद सोबत पाठवतो. रक्त साफ आहे असे त्यावर स्पष्ट लिहिले आहे. सासूबाईंना वाचून दाखवा. इथली शाळा उघडली. शाळेचे मास्तर म्हणतात, अजून नाव घालता येईल.

तुमच्या तुपाचा दुसरा डबा सुरू केला आहे. दोन्ही वेळ घेतो.


बिरसी, ता. ९ सप्टेंबर १९५६

श्री. खेमराज यांना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो होतो ते नंदाला पाठवायचं मनात धरून. आधी एकदा आपल्या डोळ्यांनी पाहून यावं आणि मग मायशी भांडावं, असा विचार होता. रात्री सोबत जेवलो. तुमचा चेहरा भरल्यासारखा दिसला. मला बरं वाटलं, मी तुमच्या पानात आणखी तूप ओतलं.

सकाळी मोरीकडे गेलो तर तुमचं रात्रीच्या लघवीचं भांडं तिथं होतं. लहान लेकराला पाजायला काढलेलं दूध असावं तसं पांढरं. तुम्ही मागून आलात, मला पाहिलंत आणि मान खाली घातलीत. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस मान खाली घालत नाही. म्हणून मी चहासाठी थांबलो नाही.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "रकत साफ हाये त् मूत दुधावानी काऊन? कागद का मुताले जाते?" नागपुरात कागद कोणीही लिहून देत असेल.

आता मी मनात ठेवलेलंही सांगतो. धावपट्टीच्या कामावर असताना तुम्हाला त्या झोपड्यांकडे जाताना मी पाहिलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. तेव्हा वाटलं, जवान माणूस आहे, लग्न झालं की सुधरेल. गेल्या दिवाळीत चंदा माहेरी आली, तुमच्या दुखण्याचं सांगून रडली, तेव्हा मी तिला हे बोललो. भाऊ होतो म्हणून बोललो.

नंदा इथंच राहील. तिचं नाव इथल्या शाळेत घातलं आहे. डबे परत पाठवायची गरज नाही.


पळसटोला, ता. २ डिसेंबर १९५६

देवचंदभाऊंना खेमराजचा रामराम.

धान कापून झाले. आज धानाच्या बांधीतले भारे खळ्यावर आणले. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

पाणी भरणाऱ्या बायांची वस्ती त्या झोपड्यांना लागून होती. त्यांचा मुकादम तापाने पडला की त्यांची हजेरी घ्यायला मला जावे लागे. हातात पाटी-पेन्सिल घेऊन जात होतो. तुम्ही तेव्हाच हाक मारली असती तर तुम्हालाही सोबत नेले असते.

तुम्ही चंद्रकांताला हे सांगितले होते, ते मला तुमच्या पत्रातून कळले. कळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिने मला विचारले, "बिरसीले झोपड्यांत कोन होती?" मी म्हटले, "कोणत्या झोपड्या?" मला खरेच काही आठवले नाही. तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती म्हणाली, "राहू द्या." त्यानंतर आमचे बोलणे झाले ते पाण्याचे आणि कंदिलाचे. दुसऱ्या दिवशी रक्त थांबले नाही आणि ती गेली. मला त्या वेळी आठवले असते तर मी सांगितले असते. तिने ते मानले असते की नाही ते आता कळायला मार्ग नाही.

आमच्या गावचा तलाव आमच्या घराण्याने बांधला हे तुम्हाला माहीत आहे. तळाच्या तोंडाचे तुडूम उघडून शेतांना पाणी सोडायचे तर कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते, आणि तो मान आमच्या घरचा. या वर्षी पंचांनी दुसऱ्या घरच्या चैतरामला उतरवले. मला म्हणाले, "मास्तर, गाव या पान्यात आंग धुते, ढोरं पेतेत. तुमी समजदार हा." मी पाळीवर उभा राहून पाहिले.

चंद्रकांताच्या दोन जुन्या लुगड्यांची वाकळ धुरपताकडून शिवून घेतली. थंडी पडली आहे म्हणून नंदासाठी पाठवतो. कपडा शिवायच्या आधी उकळत्या पाण्यात दोनदा काढला आहे, हे सासूबाईंना सांगावे. पोरीला ती पांघरू द्यावी.


पळसटोला, ता. ११ मार्च १९५७

देवचंदभाऊंना खेमराजचा रामराम.

आज लाखोळीचे पीक उपटले. अंगात ताप नाही.

गेल्या महिन्यात गावात हत्तीपायाची तपासणी करणारी सरकारी माणसे आली होती. ते लोक रक्त रात्री घेतात. त्या रोगाचे किडे रात्रीच रक्तात येतात, दिवसा सापडत नाहीत. माझा पाय सुजलेला नाही, म्हणून मी जाणार नव्हतो. घरटी सगळ्यांचे घ्यायचे म्हणून तेच आले. माझ्या रक्तात किडे निघाले. गावात आणखी पुष्कळांच्या निघाले, चैतरामच्याही.

मग त्यांच्या डॉक्टरांनी बोलावले. वयस्क गृहस्थ आहेत. मी पाय सुजत नाही एवढेच सांगितले. त्यांनीच विचारले, "खाली सूज येते? तापासोबत?" मी हो म्हटले. "लघवी पांढरी होते?" हो म्हणायला मला वेळ लागला. त्यांनी वाट पाहिली. कुठे गेला होता असे विचारले नाही.

ते म्हणाले, हा रोग डासाने होतो. बाईपासून होत नाही आणि आपल्यापासून बायकोला, लेकराला लागत नाही. हे किडे अंगातल्या बारीक नळ्या तुंबवतात. खाल्लेल्या तेलातुपाचा रस ज्या नळ्यांतून जातो त्या तुंबल्या की तो रस वाट चुकून लघवीत उतरतो. "तूप-दूध किती खाता?"

"दोन्ही वेळ. भरपूर."

"कोणी सांगितलं?"

"घरच्यांनी. शक्ती यावी म्हणून."

"इकडं सगळे हेच करतात. धातू जाते म्हणून तूप खातात, आणि जितकं तूप जास्त तितकी लघवी पांढरी. बंद करा."

मी बंद केले. आठ दिवसांत लघवी पाण्यासारखी झाली. गोळ्या दिल्या आहेत. सूज मात्र राहील म्हणाले.

तूप तुमच्याकडून आले होते हे मी डॉक्टरांना सांगितले नाही. तुम्ही मायेने पाठवले आणि मी मायेने खाल्ले. पोळ्याला तुम्ही माझ्या पानात ओतले आणि सकाळी जे पाहिले, ते त्याचेच होते. एवढेच तुम्हाला कळावे.

गेलेल्या मुलांचे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही, कारण मला सांगता येणार नाही.

त्यांच्या सहीची चिठ्ठी सोबत ठेवली आहे. नंदाला आता पाठवावे.


बिरसी, ता. २८ मार्च १९५७

जवाईबापूंना देवचंदचा रामराम.

कोणत्या तोंडानं लिहू ते समजत नाही. तूप मी पाठवलं, पांढरं मी पाहिलं, निकाल मीच दिला. चंदाला जे बोललो ते तर आता परत घेता येत नाही. तुम्ही शिवी देऊन लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मायला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "पुन्ना वाच." पुन्हा वाचलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे जवायाचा दोष नाई?"

"नाही माय."

"मंग माही चंदा कायनं मेली?"

ती उठून गोठ्यात गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घेऊन जाय पोरीले. तिच्या बापाची होय ते." वर्षभर ती तुमच्यावर रागावून जगली. तो राग गेल्यावर एकदम म्हातारी दिसायला लागली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला धक्का बसणार नाही. आमच्या घरात जे बोलणं झालं ते नंदासमोर झालं. पोर खेळते आहे असं वाटतं, ती ऐकत असते. मागे शेजारच्या शकुंतलाबाईनं तिला गमतीनं विचारलं, "तुहा बाप तुले कायले नेत नाई वो?" तर ही म्हणाली, "बाबाले गरमी हाये. मी तिथं जेवली त् मरून जाईन." शकुंतलाबाई हसली. मला हसू आलं नाही, पण मी तेव्हा तिचं बोलणं खोडूनही काढलं नाही.

आता मी रोज समजावतो. मायही समजावते. अखजीच्या सणाला तिला घेऊन येतो.


पळसटोला, ता. ७ मे १९५७

देवचंदभाऊंना खेमराजचा रामराम.

आज सकाळी धुरपताच्या नवऱ्यासोबत नंदाला छोट्या रेल्वेगाडीने पाठवले. हे पत्र मिळण्याआधीच ती तुमच्याकडे पोचली असेल. तिला का आणले म्हणून त्याच्यावर कोणी रागावले नसेल, आणि तिलाही कोणी काही बोलले नसेल असे धरून चालतो. मी पाठवले आहे, ती पळून आलेली नाही.

अखजीला तुम्ही तिला सोडून गेलात त्या संध्याकाळी मी भात आणि आंब्याचा रस केला. ती ताटापासून दूर बसली.

"जेव, नंदा."

"भूक नाई."

"गाडीत बसून आल्यावर भूक लागते."

"आजी म्हने, तिथं खाऊ नोको."

"आता आजीनेच सांगितले ना, खाल्ले तर चालते म्हणून?"

"सांगतलं."

"मग?"

ती रडायला लागली. "मले भेव लागते."

मी ताट घेऊन धुरपताकडे गेलो आणि तिच्या हाताने वाढायला लावले. तेव्हा ती जेवली. त्यानंतर ती तिकडेच जेवत होती, तिकडेच पाणी पीत होती, तिकडेच झोपत होती. दिवसा आमच्या अंगणात यायची आणि पायरीच्या खाली उभी राहून माझ्याशी बोलायची. चांगली बोलते. शेळ्यांची नावे सांगितली. पाढे वीसपर्यंत येतात. धडा वाचून दाखवला. तुम्ही तिला शिकवले आहे, हे दिसले.

मला वाटले, असेच महिनाभर गेले तर ती पायरी चढेल. मी घाई केली नाही.

परवा तिला उन्हाचा ताप आला. मी जवळ जाऊन कपाळाला हात लावला. ती ओरडली, "मले झालं, बाबाचं झालं." धुरपता म्हणाली, "अवो बाई, ऊन लागलं तुले." ती ऐकेना. माझा हात लागला होता ती जागा लुगड्याने पुसा, असे ती धुरपताला सांगत राहिली. मी घराबाहेर पडलो तेव्हा तिचे ओरडणे थांबले. काल ताप उतरला. संध्याकाळी पायरीखाली येऊन तिने विचारले, "मी मामाकडे जाऊ?" मी जा म्हटले.

देवचंदभाऊ, ती खोटे बोलत नाही आणि हट्टही करत नाही. तिची आई गेली तेव्हा सगळ्यांनी तिला जे कारण सांगितले, ते तिने धरून ठेवले. मी तिच्या ठिकाणी असतो तर मलाही बापाच्या घरी जेवण गेले नसते. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यापुढे धरून उपयोग नाही. तिला जबरदस्तीने इथे ठेवले तर ती रोज घाबरत जेवेल. तसे मला नको.

तिचे नाव बिरसीच्या शाळेतच राहू द्या. मी दिवाळीत येईन आणि ओसरीवर बसेन. ती आली तर बोलेन. तिच्यापुढे माझा विषय काढू नका, चांगलाही काढू नका. सासूबाईंनी तब्येतीला जपावे. त्यांच्यावर माझा राग नाही.

माझ्या गोळ्या संपल्या. ताप पुन्हा आलेला नाही. पंचांनी यंदा तुडुमाला मला उतरायला सांगितले आहे. मी चैतरामलाच उतरू द्या म्हटले.

निघण्याआधी ती खाईल या आशेने पहाटे भात लावला होता. बाहेर तिची पिशवी भरण्यात वेळ गेला आणि भात खाली लागला. वरचा मी आता खाल्ला. भाताचा गंज बुडाला करपलेला आहे. तो विहिरीवर नेऊन राखेने घासतो.